शपथेआधीचा शिपाई

(घाटकोपर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घाटकोपरच्या कामराज नगरातील मुरली नाईक हा अग्निवीर ९ मे २०२५ रोजी जम्मू-काश्मीरच्या सीमेवर पाकिस्तानी माऱ्यात धारातीर्थी पडला. त्यानंतर त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. नियमित जवानाच्या कुटुंबाला जे निवृत्तिवेतन मिळते ते अग्निवीराच्या कुटुंबाला का नाही, एवढाच त्या माउलीचा सवाल. जो रणभूमीवर पडला त्याच्या घरच्यांची ही स्थिती. मग जो रणभूमीपर्यंत पोचलाच नाही, जो प्रशिक्षण केंद्रातूनच गुडघा मोडून घेऊन अथवा नालायकीचा शेरा माथी घेऊन घरी परतला, त्याची दाद कोण घेणार? आजच्या विवेचनाचा विषय हा दुसरा तरुण आहे. त्याच्यासाठी मिरवणूक निघत नाही, आणि तो स्वतःही गल्लीत मान वर करून चालत नाही.

भांडुप, मुलुंड, विक्रोळी, बोरिवली या भागांतील मैदानांवर पहाटे धावणारी मुले सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांतील काही बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जातात, काही नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात, काही खडकीला सॅपर्समध्ये. भरती झाली की घरी पेढे वाटले जातात. घरच्यांच्या लेखी मुलगा त्या दिवशी शिपाई झाला. कायद्याच्या लेखी मात्र तो अजून पुरता शिपाई झालेला नसतो. १९५० च्या लष्करी कायद्यात नावनोंदणी आणि शपथ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नावनोंदणी झाली की माणूस लष्करी शिस्तीच्या कक्षेत येतो. त्याला शिक्षा होऊ शकते, कोर्ट मार्शलही होऊ शकते. शपथ मात्र तो सेवेस योग्य ठरल्यावर किंवा उमेदवारीचा काळ संपल्यावर, सगळ्या तुकडीसमोर, ज्याला कसम परेड म्हणतात त्या समारंभात घेतली जाते. या दोन पायऱ्यांमधील महिन्यांत कर्तव्ये सगळी येतात आणि हक्क मात्र अर्धेमुर्धेच येतात.

हे अर्धेपण १९५४ च्या लष्करी नियमांतील तेराव्या नियमात स्पष्ट दिसते. कोणाला कोणत्या कारणाने सेवामुक्त करता येते त्याचे कोष्टक तेथे दिले आहे. शपथ घेतलेल्या शिपायाला नको म्हणून काढावयाचे झाल्यास, परिस्थिती अनुकूल असेल तर, कारणे दाखवण्याची संधी द्यावी असे त्यात म्हटले आहे. शपथ न घेतलेल्या रंगरुटासाठी ती तरतूद नाही. 'कार्यक्षम सैनिक होण्याचा संभव नाही' हे एक वाक्य त्याच्या कागदावर उमटले की पुरे. पोरगा चाचणीत नापास झाला काय, आजारी पडला काय, उस्तादाच्या डोळ्यांवर आला काय, शेरा तोच.

उपनगरांतील कामगार कार्यकर्त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत माणसाला वर्षानुवर्षे बदली, हंगामी, उमेदवार अशा नावांखाली राबवण्याची आणि २४० दिवस भरत आले की खंड पाडण्याची रीत दोन पिढ्यांनी पाहिली आहे. या रीतीविरुद्ध लढूनच महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना व अनुचित प्रथा कायद्यात, कायमपणा नाकारण्यासाठी माणसाला वर्षे न् वर्षे तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा ठरली. कारखान्याच्या फाटकावर जी गोष्ट अनुचित ठरते ती छावणीच्या फाटकावर केवळ गणवेशामुळे उचित होत नाही. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा तर चार वर्षांची सगळी नोकरीच उमेदवारी झाली. शंभरांतील पंचवीस कायम, बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम आणि रामराम. तिला दिलेली आव्हाने दिल्ली उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी फेटाळली आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. तो दरवाजा तेथे बंद झाला. एकेकट्या रंगरुटाच्या सेवामुक्तीचा दरवाजा मात्र बंद नाही, आणि तो कसा उघडला गेला हे समजून घेण्यासारखे आहे.

त्यासाठी छावणीबाहेरचा एक खटला पाहिला पाहिजे. जून १९८१ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत प्रशिक्षणार्थी अधिकारी एका पहाटे कवायतीला उशिरा पोचले. अनेकांकडून खुलासे मागवण्यात आले, पण घरी पाठवले गेले ते अनुप जयस्वाल यांना, कारण या उशिराचे सूत्रधार तेच असा वरिष्ठांचा समज. आदेशात मात्र उशिराचा उल्लेख नाही, आरोप नाही, चौकशी नाही. उमेदवार सेवेस अयोग्य, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो आदेश रद्द केला. आदेशाचे वरवरचे रूप निरुपद्रवी असले तरी त्यामागे गैरवर्तनाचा आरोप दडला आहे काय, हे न्यायालय पडदा बाजूला सारून पाहू शकते, आणि तसे असेल तर माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला काढता येत नाही, असा तो निकाल आहे. 'अयोग्य' हा शब्द पुष्कळदा झाकण म्हणून वापरला जातो, हे न्यायालयाने ओळखले.

आता यावरचा आक्षेपही सरळपणे मांडला पाहिजे. पोलीस अधिकाऱ्याला संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचे कवच आहे. सैनिकाला ते नाही. ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. शिवाय उद्या ज्याच्या हाती बंदूक आणि शेजारच्या जवानाचा जीव सोपवायचा त्याची पारख करण्याचा अधिकार प्रशिक्षकाला हवाच. वकिलाला विचारून तुकडी घडत नाही. हे खरे आहे, आणि समाजवाद्यांनी ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र पारख करणे वेगळे आणि पारखीची कारणे लपवणे वेगळे. कोणत्या चाचणीत, किती वेळा, किती कमी पडला, मागच्या तुकडीत बसवून पुन्हा संधी दिली होती काय, हे लिहून त्याच्या हाती देण्याने कोणत्याही सैन्याची धार बोथट होत नाही. शिस्तीच्या नावाखाली तक्रार दडपण्याची किंमत या शहराने पाहिली आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण तळावरील खलाशी उठले ते प्रथम निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध. पुढे शेकडो खलाशांना घरी धाडण्यात आले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही.

पक्षकार्यकर्त्यांना अधिक जवळची अशी एक बाब येथे सांगणे अवश्य आहे. भरती झालेल्या तरुणाकडून पडताळणीचा अर्ज भरून घेतला जातो. कधी अटक झाली होती काय, खटला भरला होता काय, असे त्यात विचारलेले असते. मोर्चात जमावबंदी मोडली म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली नोंदवलेला खटला ही उपनगरांतील किती पोरांच्या गावी असते? पाच मिनिटे पोलीस गाडीत बसवले, नाव लिहून घेतले, सोडून दिले, पोरगा विसरला. अर्जात तो 'नाही' असे लिहितो, आणि प्रशिक्षणाच्या मध्यावर पोलिसांचा अहवाल येऊन थडकतो. मग काढून टाकण्याचे कारण घोषणा हे राहत नाही, 'माहिती दडवली' हे होते. जून २०२२ मध्ये तर लष्करी अधिकाऱ्यांनी जाहीरच केले की, अग्निपथविरोधी निदर्शने व जाळपोळ यांत भाग घेतला नव्हता असे लिहून द्यावे लागेल आणि पोलीस पडताळणी होईल. दगडफेक आणि घोषणा यांना एकाच गोणीत भरण्याची ही पद्धत.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी अवतार सिंग खटल्यात जुलै २०१६ मध्ये दिलेला निकाल प्रत्येक कार्यालयात असावा. खरी माहिती द्यावी हे बंधन त्यांनी कायम ठेवले; मात्र माहिती दडवली एवढ्यावरून यांत्रिकपणे कोणाला काढता येणार नाही, गुन्ह्याचे स्वरूप, वय, परिस्थिती हे पाहावे लागेल, असे सांगितले. क्षुल्लक प्रकरणांचे उदाहरण देताना न्यायालयाने कोवळ्या वयात घोषणा देणे हेच उदाहरण घेतले आहे. मोर्च्यात पोरे नेणाऱ्यांनी त्यांना हेही सांगून ठेवावे की, अर्जात विचारले तर खरे लिहा. न लिहिण्याने जेवढे नुकसान झाले आहे तेवढे लिहिण्याने क्वचितच झाले असेल.

शरीर मोडून परतणाऱ्यांची कथा आणखी निराळी. जवान म्हणून भरती झालेल्या रंगरुटाला जुन्या व्यवस्थेत एक भक्कम आधार होता. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतले आणि कोणताही दोष नोंदवला नाही, तर पुढे उद्भवलेले अपंगत्व सेवेमुळेच आले असे गृहीत धरावे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये, हे तत्त्व धर्मवीर सिंग खटल्यात २०१३ साली ठाम झाले. सुखविंदर सिंग खटल्यात २०१४ साली न्यायालय आणखी पुढे गेले: वैद्यकीय कारणाने घरी पाठवण्याइतका माणूस निकामी झाला असेल, तर त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी होते असे म्हणणे विसंगत आहे. अग्निवीराच्या वाट्याला हे अपंगत्व निवृत्तिवेतन नाही. त्याला टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाखांची एकरकमी भरपाई.

आणि खडकवासल्याचे छात्र? राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सतराअठरा वर्षांची मुले येतात. तेथे एखाद्याचा कणा मोडला तर कमिशन मिळालेले नसल्याने तो अधिकारी नसतो, आणि जवान तर नसतोच. त्यामुळे माजी सैनिकाचा दर्जा नाही, अपंगत्व निवृत्तिवेतन नाही; सानुग्रह म्हणून जास्तीत जास्त महिना ४०,००० रुपये. अधिकारी व्हायला निघालेल्या मुलाला येथे साध्या रंगरुटापेक्षाही कमी मिळाले, ही या व्यवस्थेची थट्टाच. वृत्तपत्रांतून ही हकिगत बाहेर आल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. १९८५ पासून सुमारे ५०० छात्र अशा रीतीने घरी गेले. एकट्या खडकवासल्याहून २०२१ ते जुलै २०२५ या काळात सुमारे २०. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी विमा, वाढीव मदत, बैठ्या कामावर पुनर्वसन यांविषयी सरकारला विचारणा केली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने माजी सैनिकांची आरोग्य योजना या छात्रांना लागू केली. चाळीस वर्षे जे जमले नाही ते दोन आठवड्यांत जमले. पैशांची अडचण होती असे यापुढे कोणी सांगू नये.

शेवटी, असा तरुण घरी परत आला तर करायचे काय? बहुतेक घरी पहिले काही महिने लाजेत जातात, आणि कायद्याची मुदत नेमकी तेव्हाच धावत असते. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रथम लष्करी कायद्यातील तक्रारीचा मार्ग वापरावा लागतो. त्यावर अंतिम आदेश मिळाला की त्यापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे जायचे. उत्तरच आले नाही तर तक्रारीला सहा महिने उलटल्यावर पुढचे सहा महिने मिळतात. उशीर झाल्यास माफी मिळू शकते, पण ती मागावी लागते. मुंबईत न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे, म्हणजे दिल्लीचे भाडे नको. तेथील निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे २१ मार्च २०२३ च्या निकालाने पुन्हा स्पष्ट झाले. या सगळ्यासाठी कागद लागतात: सेवामुक्तीचा आदेश, वैद्यकीय मंडळाची कार्यवाही, भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल, इजा झाली त्या दिवसाची नोंद. मुलगा छावणीतून निघतानाच हे मागितले तर उत्तम. नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहायला त्याच्या शेजारी कोणी तरी बसले पाहिजे, आणि ते पहिल्याच आठवड्यात.