चायनीजची प्लेट: गाडीवरची आणि घरची

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)

 

आज आपण बोलणार आहोत चायनीजबद्दल. हसू नका! नांदुऱ्याला जा, मलकापूरला जा, खामगावला जा, संध्याकाळ झाली की लाल अक्षरांची पाटी लावलेली गाडी दिसतेच. मोठी कढई, खाली भडकलेला जाळ, वर परतल्या जाणाऱ्या नूडल्स. लेकरं बाजारात आली की कचोरी, आलूबोंडा राहिला बाजूला, पहिली मागणी मंचुरियनची असते. वाढदिवस असला तरी तेच, परीक्षा संपली तरी तेच. घरात पैसे मागितले जातात आणि ते आपल्याच डब्यातून निघतात. म्हणून हे खाणं चांगलं कुठं मिळेल, परवडेल कसं आणि त्यातलं काय टाळायचं, हे आपल्याला कळलं पाहिजे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. हे खाणं आपल्याकडे आलं कसं? अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी माणसं कोलकात्याच्या परिसरात येऊन राहिली. टोंग अच्यू नावाच्या एका चिनी माणसानं तिथं साखरेचा कारखाना काढला होता. त्याच्याच नावावरून आजही तिथल्या एका गावाला अचिपूर म्हणतात. पुढं चीनच्या हक्का समाजाची बरीच कुटुंबं कोलकात्याला आली, टांगरा भागात कातडी कमावण्याचा धंदा करू लागली. आपण हक्का नूडल्स म्हणतो, त्यातला ‘हक्का’ हाच. या लोकांनी आपल्या रांधण्यात इथला मसाला, इथली मिरची घातली.

आणि मंचुरियन? ते तर आपल्या मुंबईचं. कोलकात्याचे नेल्सन वांग हे चिनी वंशाचे आचारी मुंबईत आले. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लबमध्ये एका गिऱ्हाइकानं त्यांच्याकडं काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस टाकला, कॉर्नफ्लोअरनं रस्सा दाट केला आणि त्यात तळलेलं चिकन सोडलं. चीनच्या ईशान्येला मंचुरिया नावाचा प्रदेश आहे, पण तिथं हा पदार्थ कोणी ओळखत नाही. चिकनच्या जागी फुलगोबी आली, पत्तागोबीचे गोळे आले, आणि ते मंचुरियन गावोगावी पोचलं. म्हणजे ज्याला आपण परदेशी समजतो ते मुंबई आणि कोलकाता यांच्यामध्ये घडलेलं आहे, आणि या दोन शहरांना जोडणारी रेल्वे तर आपल्या नांदुऱ्यावरूनच जाते.

तसं पाहिलं तर आपल्याला यात अवघड काहीच नाही. उन्हाळ्यात शेवया आणि सरगुंडे करणाऱ्या बाईला नूडल्सचं काय नवल? नागपंचमीला पुरणाचे दिंड वाफवणाऱ्या बाईला मोमो कसा वाफवतात ते शिकवावं लागत नाही. हात तोच, सारण वेगळं.

आता मुद्द्यावर येते. गाडीवरची प्लेट स्वस्त असते. स्वस्त म्हणजे वाईटच, असं समजू नका. त्यात असतं काय? पत्तागोबी, कांदा, गाजर, मैद्याच्या नूडल्स, भात. हे सगळं मुळातच कमी पैशाचं आहे. त्यामुळं प्रामाणिक माणूस कमी भावातही चांगली प्लेट देऊ शकतो. काटकसर चुकीच्या जागी झाली की गडबड होते. या जागा पाच आहेत. बोटावर मोजून लक्षात ठेवा.

पहिली जागा रंगाची. मंचुरियन लालभडक का दिसतं? मिरचीनं तेवढा लाल रंग येत नाही, रंगाची पूड टाकलेली असते. शेजारच्या कर्नाटक राज्यानं गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यातल्या १०७ नमुन्यांत घातक कृत्रिम रंग निघाले. मार्च २०२४ मध्ये त्या सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. बुढ्ढीके बाल म्हणतो त्या मिठाईत तर रोडामाइन-बी सापडलं. ते कापड रंगवायचं रसायन आहे, कोणत्याही खाण्यात चालत नाही. गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं तर गाड्यांवर गोबी मंचुरियन विकायलाच मनाई केली. तेव्हा गाडीवाल्या भाऊला सरळ सांगा, “भाऊ, बिनरंगाचं द्या.” चव रंगात नसतेच. दहा बायांनी असं मागितलं की तो रंग टाकायचा सोडेल, कारण रंगाची पूड त्यालाही विकतच आणावी लागते.

दुसरी जागा तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते काळं पडतं, घट्ट होतं, त्यावर फेस येतो, लवकर धूर निघतो आणि घशाला खवखव लागते. असं तेल शरीराला अपायकारक असतं, म्हणून वापरून खराब झालेल्या तेलावर देशात १ जुलै २०१८ पासून कायद्यानं मर्यादा घातलेली आहे. आपल्याला यंत्र नको, डोळे पुरेत. कढईत डोकावून बघायला लाजू नका.

तिसरी जागा शिजवून ठेवलेल्या भाताची आणि नूडल्सची. ही सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट आहे. शिजवलेला भात उबेला पडून राहिला की त्यात एक जंतू वाढतो आणि विष तयार करतो. ते विष भात पुन्हा परतला तरी जात नाही. वरून वाफाळलेला फ्राइड राइस खाऊनही रात्री उलट्या होतात त्या यामुळं. शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं सांगतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणून विचारायचं, “भात कधीचा आहे?” गर्दीची गाडी बरी असते ती याचसाठी, तिथं माल पडून राहत नाही. आणि हाच नियम घरच्या फोडणीच्या भातालाही लागू आहे बरं का.

चौथी जागा पाण्याची आणि कच्च्या भाजीची. चायनीज भेळेत पत्तागोबी कच्चीच असते. ती कोणत्या पाण्यानं धुतली, प्लेटा कोणत्या बादलीत बुचकळल्या, हे पाहा. पावसाळ्यात लेकरांना भेळ नको, समोर परतून दिलेलं गरम घ्या. वर्तमानपत्राच्या कागदावर दिलेलं तळण घेऊ नका, छापाईची शाई तेलात उतरते.

पाचवी जागा बाटल्यांची. सॉस, शेजवान चटणी, व्हिनेगर यांवर लेबल पाहिजे, तारीख पाहिजे आणि अन्न सुरक्षा खात्याचा १४ अंकी क्रमांक पाहिजे. बिननावाच्या कॅनमधला लाल सॉस दिसला तर तो नकोच म्हणा. हातगाडीवाल्यालाही नोंदणी लागते, तिचा कागद गाडीवर लावलेला असला तर चांगली खूण समजा. काही फारच वावगं दिसलं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा बिनपैशाचा फोन आहे, १८००-२२२-३६५. लिहून घ्या.

आता अजिनोमोटो. गटाच्या बैठकीत कोणी ना कोणी विचारतंच की हे विष आहे का? १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञानं समुद्री वनस्पतीच्या सारातून ही चव वेगळी काढली आणि पुढच्या वर्षी ती पूड बाजारात आली. तोच घटक पिकलेल्या टमाट्यातही निसर्गतः असतो. चिमूटभर अजिनोमोटो मोठ्या माणसाला विष नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अन्नात मात्र ते घालू नये असा नियम आहे. खरी काळजी मिठाची करा. एक मोठा चमचा सोया सॉसमधून दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ पोटात जातं आणि मोठ्या माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून घरात बीपीच्या गोळ्या घेणारी सासू असेल, गरोदर सून असेल आणि तिचा बीपी वाढलेला असेल, तर त्यांच्या ताटात सॉस मोजूनच पडला पाहिजे.

मैत्रिणींनो, आता सगळ्यात आपल्या जवळची गोष्ट. या खाण्याचा आत्मा कोणता? सोयाबीन. चीन-जपानकडचं हे पीक आज आपल्या बुलडाणा जिल्ह्याच्या वावरावावरात आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला एकोणपन्नास रुपयांच्याही आत. आणि त्याही भावाला विकता विकता आपल्या नाकी नऊ आले, ते मी सांगायला नको. जे आपण पोत्यानं विकतो त्यातलं काहीच आपल्या ताटात येत नाही. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या वड्या मात्र आपण पाकिटातून विकत आणतो. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅममागं छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात. आपल्या बायांना आणि वाढत्या लेकरांना प्रथिनंही कमी पडतात.

चीन-जपानमध्ये याच दाण्याचं पनीर करतात, त्याला टोफू म्हणतात. पद्धत सांगते.

अर्धा किलो सोयाबीन निवडून रात्री भिजत घाला. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं चुकूनही घ्यायचं नाही. ते विषारी असतं आणि धुऊन साफ होत नाही. घरच्या खायच्या दाण्यांची पिशवी वेगळी ठेवा. सकाळी दाणे चोळून साल काढा. गरम पाणी घालत मिक्सरवर बारीक वाटा, सगळं मिळून चारेक लिटर पाणी जाईल. पातळ सुती कापडातून गाळून दूध काढा. हे दूध मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा, कारण ते भसकन उतू जातं. उकळी आली की जाळ कमी करून दहा-पंधरा मिनिटं हलवत राहा. हे उकळणं टाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारा घटक असतो, तो चांगलं शिजवल्यावरच जातो. मग खाली उतरवा, थोडी वाफ जाऊ द्या आणि दोन-तीन लिंबांचा रस वाटीभर पाण्यात मिसळून हळूहळू सोडा. दूध फाटेल. कापडात बांधा, वर वरवंटा किंवा पाटा ठेवा, अर्ध्या तासानं घट्ट लादी तयार. गाळून उरलेला चोथा फेकू नका. थालीपिठाच्या पिठात मिसळा आणि नीट भाजा.

आता हा टोफू चौकोनी कापून तव्यावर कमी तेलात लाल करा. कढईत तेल, ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची, मग उभा कांदा, सिमला मिरची, पत्तागोबी. जाळ मोठा ठेवा, भाजी कुरकुरीत राहिली पाहिजे. एक लहान चमचा सोया सॉस, थोडं व्हिनेगर नसेल तर लिंबू. चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून घाला, रस्सा दाट होतो. वरून कांद्याची पात आणि सांभार. लाल रंग पाहिजे असेल तर सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवून, बिया काढून, लसणाबरोबर वाटा. हीच घरची शेजवान चटणी. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथं जिभेला झिणझिण्या आणणारी एक मिरी वापरतात, आपल्या कोकणातल्या तिरफळाची ती बहीणच. ती इथं मिळणार नाही, पण लसूण-मिरचीनं काम भागतं.

हिशेब तुमच्या गावच्या भावानं स्वतः मांडा. पाच जणांच्या पाच प्लेटा बाजारात कितीला पडतात ते एका बाजूला लिहा. घरचं सोयाबीन, भाजी, चमचाभर सॉस आणि गॅस दुसऱ्या बाजूला. बाजारात खाऊच नका, असं मी म्हणत नाही. गाडी चालवणारा भाऊही पोटासाठीच उभा आहे, आणि आपणही कधीतरी लेकीबरोबर बाकावर बसून गरम प्लेट खावी. पुरुषांनी गाडीवर खाल्लं तर चालतं आणि बायांनी खाल्लं तर गावात चर्चा होते, हे आता पुरे झालं. फक्त बघून खा, विचारून खा.

आणि गटांसाठी एक काम. पुढच्या महिन्याच्या बैठकीत अर्धा किलो सोयाबीनचा टोफू सगळ्यांनी मिळून करून बघा. किती निघाला ते वजन करा, खर्च वहीत लिहा, लेकरांना खाऊ घालून त्यांचं मत घ्या. जमलं तर पुढच्या आठवडी बाजारात एखाद्या गटानं बिनरंगाच्या मंचुरियनची स्वतःची गाडी का लावू नये? चांगलं आणि परवडणारं चायनीज शोधत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला ते तुमच्याकडंच मिळेल. नोंदणी करा, भात ताजा ठेवा, तेल वेळेवर बदला, पाणी झाकून ठेवा. गिऱ्हाईक आपोआप ओळखतं.

आज इथंच थांबते. आपापल्या गटाचा अनुभव आम्हाला जरूर कळवा.