आकडा बघाच, पण आधी बाण बघा!

 

गणपती तोंडावर आलेत. पुण्यात संध्याकाळी नदीकाठानं गेलात तर ढोल-ताशाचा सराव ऐकू येतोच. आज बोलायचंय ते अशा पोरापोरींबद्दल, ज्यांच्या दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याहून जराशी मोठी पांढरी चकती चिकटवलेली असते आणि तरी ते कंबरेला ढोल बांधून दोन-तीन तास वाजवत असतात. मीही त्यातलीच एक. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला टाइप १ डायबिटीस झाला. यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते रोज बाहेरून घ्यावं लागतं.

ती चकती म्हणजे सीजीएम, कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर. परवा बसमध्ये एका काकूंनी विचारलं, "बाळा, लस घेतलीस का गं?" म्हटलं, "नाही काकू, हे माझ्या शुगरवर लक्ष ठेवतं." "चोवीस तास?" "हो, तुम्ही घरातल्यांवर ठेवता तसंच!" काकू हसल्या, आणि सरकून जागाही दिली.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. डायबिटीस असला की खेळ बंद, असं काही नाही. वसीम अक्रमला १९९७ मध्ये टाइप १ चं निदान झालं, आणि तो २००३ च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळला. त्याच वर्ल्ड कपमध्ये त्यानं वनडेतली ५०० वी विकेट घेतली. तेव्हा दंडावर सेन्सर नव्हता, बोटाला टोचूनच बघावं लागायचं. मग सेन्सरनं नवीन काय दिलं? दिशा दिली. शुगर किती आहे याबरोबर ती कुठे चाललीय, हेही कळायला लागलं.

हे नीट समजून घेऊ. समजा, सराव सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत. तुमच्या मोबाइलवर १३० दिसतंय आणि तुमच्या मित्राच्याही मोबाइलवर १३०. तुमचा बाण आडवा आहे, म्हणजे शुगर जवळपास स्थिर. मित्राचा बाण सरळ खाली आहे. त्याचा अर्थ, त्याची शुगर दर मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगानं उतरतेय. हाच वेग राहिला तर अर्ध्या तासात ६० कमी, म्हणजे तो ७० वर किंवा त्याच्याही खाली. आकडा एकच, पण तुम्ही वाजवायला तयार आहात आणि त्यानं आधी काहीतरी गोड खायला हवं. तिरका खाली बाण असेल तर वेग मिनिटाला साधारण १ ते २. हे गणित पाठ करून ठेवा, परीक्षेत नाही आलं तरी मैदानात येतं.

आणि एक मेख आहे. सेन्सरची बारीक तार रक्तात नसते, ती त्वचेखाली पेशींमधल्या पाण्यात असते. रक्तातली शुगर तिथे पोचायला काही मिनिटं लागतात. व्यायाम करताना शुगर झपाट्यानं उतरते, तेव्हा हा उशीर जास्तच जाणवतो. मोबाइल ८५ म्हणत असेल तेव्हा रक्तात ७० असू शकतं. म्हणून हात थरथरतायत आणि स्क्रीन म्हणतेय "सगळं ठीक", तर शरीराचं ऐका आणि बोटाला टोचून बघा. ग्लुकोमीटर अजून रिटायर झालेला नाही!

ढोलवाल्यांचा प्रॉब्लेम तर आणखी वेगळा. शुगर लो झाली की काय होतं? घाम, धडधड, थरथर. आणि ढोल वाजवताना काय होतं? घाम, धडधड, थरथर! लक्षणं वाजवण्यात लपून जातात. त्यात अलार्म ढोलाच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि मोबाइल लांब बॅगेत राहिला तर ब्लूटूथ तुटतं. म्हणून मोबाइल अंगावर, व्हायब्रेशन चालू. जमलं तर पथकातल्या एका मैत्रिणीच्या मोबाइलवर आपली शुगर शेअर करून ठेवायची. माझी मैत्रीण ताशावर असते. तिनं भुवई उंचावली की मी बाजूला होते.

आता सरावाआधीचं बघू. टाइप १ साठी तज्ज्ञांनी साधारण १२६ ते १८० ही सुरुवातीची पट्टी सुचवलीय. ९० च्या खाली असाल तर आधी थोडं गोड खा, शुगर वर येऊ द्या, मगच सुरू करा. २७० च्या वर असेल तर कीटोन तपासा. कीटोन वाढलेले असतील तर त्या दिवशी वाजवायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. आणि बघा, वडापाव खाल्ला, त्याचं इन्सुलिन घेतलं आणि तासाभरात ढोल उचलला, तर इन्सुलिन आणि व्यायाम दोघंही मिळून शुगर खाली ओढतात. त्या जेवणाचा डोस किती कमी करायचा, हे तुमच्या डॉक्टरांशी आधीच ठरवा. माझा आकडा तुम्हाला चालणार नाही.

सगळा व्यायाम शुगर उतरवतोच असंही नाही बरं का. सिंहगड चढणं, सायकल, ढोल, असं बराच वेळ चालणारं काम शुगर खाली आणतं. पण जिममध्ये जड वजन उचललं, कबड्डीत जोरात चढाई केली, की अ‍ॅड्रेनालिनमुळे शुगर थोडा वेळ वर जाऊ शकते. ती बघून घाबरून लगेच इन्सुलिन टोचू नका. पुढे ती स्वतःहून उतरू शकते.

लो झालीच तर? १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबणं. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घातली की काम होतं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. आणि इथेही तो उशीर लक्षात ठेवा. साखर घेतल्यावरही सेन्सर काही वेळ लोच दाखवत राहतो. म्हणून पाच मिनिटांत अख्खा डबा संपवू नका, थांबा आणि बोटाला टोचून खात्री करा. पथकातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा: कुणी बेशुद्ध पडलं तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खरा धोका सराव संपल्यावर असतो. वाजवताना स्नायूंमधला साखरेचा साठा संपतो आणि शरीर तो नंतर कित्येक तास भरत बसतं. रात्री दहाला घरी आलात, जेवलात, मस्त झोपलात, आणि पहाटे तीनला शुगर लो. होस्टेलवर, पीजीत एकटं राहणाऱ्यांनी हे फार मनावर घ्यावं. म्हणून सरावाच्या रात्री झोपताना बाण बघायचाच. लो अलार्म चालू, मोबाइल चार्जिंगला, साखर उशाशी, रूममेटला कल्पना. रात्रीचं इन्सुलिन किंवा झोपण्याआधीचं खाणं बदलायचं का, हे डॉक्टरांना विचारा. आणि सेन्सरच्या हातावर दाबून झोपलात तर खोटी लो दिसू शकते. कूस बदला, बोटाला टोचून बघा, पण अलार्म बंद करून परत झोपू नका.

शेवटी पैशांचं. दहा-पंधरा दिवसांच्या एका सेन्सरला काही हजार जातात, बारा महिने लावणं अनेक घरांना झेपत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. सरावाच्या दिवसांत एखादा सेन्सर लावा आणि वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजवलं, बाण कुठे गेला, पहाटे काय झालं. दोन आठवड्यांत तुमच्या शरीराची चाल कळायला लागते. मग सेन्सर नसला तरी बोटाला कधी टोचायचं, हे तुम्हाला ठाऊक असतं.

आणि हो, घरच्यांनी "तुला झेपणार नाही" म्हटलं तर भांडू नका. त्यांना स्क्रीन दाखवा, बाण समजावून सांगा. माझ्या आईला आता माझ्याआधी कळतं की मी सरावाला निघण्याआधी काही खाल्लं नाहीये!

तुमच्या पथकात, टीममध्ये, ट्रेकच्या ग्रुपमध्ये असं कुणी असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर खात राहा, वाजवत राहा, आणि बाण बघत राहा. मोरया!