वजनकाट्याला न दिसणारी चरबी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पारोळा येथे दिलेले व्याख्यान)



‘अंगाने किडकिडीत असलेल्या माणसाला मधुमेह कसा होतो?’ हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३ एवढाच होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली!

चरबी किती, याइतकेच ती कोठे साठते हे महत्त्वाचे. मांड्या व नितंबांवरील त्वचेखालची चरबी ही शरीराची कणगी होय. कणगी भरली की धान्य घरभर सांडते. तशी जादा चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साचू लागते. आतड्यांकडचे रक्त थेट यकृतात जात असल्याने तेथील चरबीचा भार प्रथम यकृतावर पडतो. मग इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड वाढतात आणि मधुमेह व हृदयविकाराचा धोका बळावतो.

याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते. १९९३ साली पुण्याजवळच्या खेड्यांत सुरू झालेल्या अभ्यासात आढळले, की तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. त्यांचे स्नायू लहान होते, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून घरातील लेकी-सुनांचे पोषण ही पुढच्या पिढीच्या आरोग्याचीच तरतूद आहे.

बंधूंनो, आपल्या पारोळ्यात कापडाच्या दुकानी मोजपट्टी सहज मिळते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर, पोट आत न ओढता घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधानतेची रेषा मानतात. ती ओलांडली असेल, तर वजन बेताचे असले तरी रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावेत.

केवळ खाणे तोडून वजन उतरविले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. म्हणून दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापारी बंधूंनी रोज भरभर चालावे, थोडे अंगमेहनतीचे काम करावे. शेवभाजीची तर्री व तळण आवरावे. ताटात डाळी, कडधान्ये, ताक यांना स्थान द्यावे. समाधानाची गोष्ट अशी, की वजन थोडे जरी उतरले तरी यकृतातील चरबी लवकर कमी होऊ लागते.

आज घरी गेल्यावर कुटुंबातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या पोटाचा घेर मोजून लिहून ठेवावा, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.