कॉलेजनं पाड्यात यावं, पण पाड्याला विचारून

(आरे आणि बोरिवलीकडच्या पाड्यांच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेले भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. गावात वाचून दाखवावं.)



आज कॉलेजबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणेल, जमिनीचा लढा सोडून हे काय मधेच? तर ते जमिनीचंच बोलणं आहे.

आपले पाडे कुठं आहेत बघा. एका अंगाला अंधेरी-गोरेगाव, वर बोरिवली, पलीकडं मुलुंड. मधे आरे आणि नॅशनल पार्कचं जंगल. त्या जंगलात आपण वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. चारी बाजूंनी कॉलेजं आहेत. पण पाड्यातल्या किती पोरांनी ती आतून पाहिली? आणि कॉलेजवाल्यांनी तरी आपला पाडा किती पाहिला?

सरकारकडं 'कम्युनिटी कॉलेज' नावाची कल्पना आहे. देशातलं पहिलं 1995 साली पाँडिचेरीत निघालं. 2013 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानंही योजना आणली. अर्थ साधा आहे: आजूबाजूच्या लोकांना जे लागतं ते कॉलेजनं शिकवावं. पण बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ नोकरीपुरता कोर्स एवढाच घेतला जातो. कोर्स हवेतच, आपल्या पोरांनाही हवेत. आमचं म्हणणं एवढंच की 'आजूबाजूचे लोक' म्हणताना फक्त सोसायट्या मोजू नका, पाडेही मोजा.

कॉलेजची पोरं आपल्याकडं येतात ती एनएसएसची. ही योजना 1969 पासून आहे. पोरानं वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास समाजाचं काम करायचं, आणि सात दिवसांचं शिबिर. येतात, झाडू मारतात, रोपं लावतात, फोटो काढतात, जातात. जंगलात राहणाऱ्याला झाड लावायला शिकवतात, याचं हसू येतं. पण पोरांना नावं ठेवू नका. ऑक्टोबर 2019 मध्ये आरेत रात्री झाडं तोडायला लागले तेव्हा धावून आलेल्यांत विद्यार्थी होते. 29 जणांना अटक झाली, त्यातही विद्यार्थी होते. कायदा शिकणाऱ्या एका पोराच्या पत्राची दखल घेऊन सुप्रीम कोर्टानं 7 ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती, तरी पत्राची ताकद दिसली. पोरांत दम आहे. त्यांचे तास कुठं लावायचे, ते आपण सांगायला पाहिजे.

आपल्याला काय लागतं? पुरावा लागतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासीचा 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा बघतात. ग्रामसभेनं एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे असतात. सातबारा नाही म्हणून दावा नाही, असं नियमात कुठंही नाही. जुने सरकारी कागद चालतात. घर, विहीर, बांध, मसणवट, देवाची जागा हाही पुरावा. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको.

आता हे काम कुणी करायचं? भूगोलाची पोरं जीपीएस घेऊन बांधावर चालू दे, नकाशा काढू दे. इतिहासवाले जुनी दप्तरं उघडू दे. मराठीची पोरं म्हातारीजवळ बसून ती सांगते तसंच उतरवू दे. वनस्पती शिकणाऱ्यांनी शेवळं, कोरळ, टाकळा, कंटोली कुठल्या उतारावर, कुठल्या महिन्यात, ते लिहावं. वनोपज गोळा करणं हाही हक्क आहे, त्याचा दावा करता येतो. वकिलीची पोरं अर्ज तपासू दे.

हेच कागद पोरांच्या शिक्षणालाही लागतात. जातीचा दाखला काढायला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीची वस्ती विचारतात. दाखला नाही, पडताळणी नाही, म्हणून प्रवेश जातो. म्हणजे जो कागद जमिनीला, तोच पोरीच्या ॲडमिशनला. एकदा नीट गोळा केला तर दोन्हीकडं उपयोगी.

घाई का, तर आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव वन करायचं सरकारनं 2020 साली ठरवलं. झाडं वाचतील, ते चांगलंच. पण राखीव वन करताना आत राहणाऱ्यांचे हक्क आधी ठरवायचे असतात. तिथं कागदाविना गेलो तर आपल्याच जंगलात आपण अतिक्रमणवाले ठरू. 2019 च्या फेब्रुवारीत दावे फेटाळलेल्यांना हटवायचा हुकूम निघाला होता. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, पण धोका कळला.

साहेब सांगतील, मुंबईत ग्रामपंचायत नाही, मग ग्रामसभा कुठली? ऐकून गप्प बसू नका. नगरपालिकेच्या हद्दीतल्या वनजमिनीलाही हा कायदा लागू आहे, असं केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं कळवलं आहे. पाड्याची सभा घ्या, निम्मे लोक हवेत, त्यात तिसरा हिस्सा बाया हव्यात. सह्या-अंगठे घ्या.

कॉलेजला आपल्या अटी चार:

१) आधी पाड्याची सभा, मग शिबिर. कुणा एकाला गाठून काम सुरू करायचं नाही.

२) लिहिलेलं सगळं सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला ते खोडायचं.

३) नकाशा, जबाब, फोटो यांची एक प्रत पाड्यात राहील. आपली माहिती नेऊन पुस्तक झालं आणि आपल्याकडं काहीच उरलं नाही, असं चालणार नाही.

४) दावा आपला, निर्णय सभेचा. पोरं हाताला हात लावतील, पुढारी होणार नाहीत.

आणि कॉलेजनं फक्त घ्यायचं नाही. पाड्यातल्या पोराला दाखल्याच्या कामात मदत, फॉर्म भरायच्या दिवसांत पाड्यात एक माणूस, आणि आपल्या जाणत्यांना वर्गात बोलवून जंगल शिकवायची संधी, एवढं तरी द्यावं.

पुढच्या सभेआधी प्रत्येक पाड्यानं तीन गोष्टी कराव्यात: सगळ्यात म्हाताऱ्या पाच जणांची यादी, घराघरातल्या जुन्या कागदांची यादी, आणि कॉलेजात जाणाऱ्या आपल्या पोरापोरींची यादी. कॉलेजशी बोलायला पहिली तीच पोरं जातील. म्हातारी माणसं दर पावसाळ्यात कमी होताहेत. त्यांच्या डोक्यातला नकाशा त्यांच्याबरोबर जायच्या आत कागदावर आला पाहिजे.

जोहार! जिंदाबाद!