यंत्र बदलले तरी मजकूर वाचता यावा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला संगणक आणि मराठी या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले. प्राध्यापकांसारखे व्याख्यान काही आम्हाला जमणार नाही. पण मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली नव्या संगणकावर वाचता याव्यात म्हणून आम्ही काही सभासद वर्षभर खटपट करीत आहोत. ते काम काय आहे आणि त्यात आपली गरज कुठे आहे, एवढेच सांगतो.

सुरुवात आपल्या सुरतेपासूनच करू. १६७० च्या दशकात इथले मोठे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीला सांगून विलायतेहून छपाईचे यंत्र आणि मुद्रक मागवला. आपले जुने ग्रंथ आपल्या लिपीत छापावेत अशी त्यांची इच्छा होती. यंत्र आले, माणूसही आला, पण आपल्या अक्षरांचे खिळे पाडणे काही त्याला साधले नाही. मराठी पंचांग छापून निघायला पुढे १८३१ साल उजाडले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी ते शिळाछापावर काढले. तेव्हा यंत्र दारात आले म्हणजे काम झाले असे नसते. ते आपल्या कामाला बसवून घ्यावे लागते.

संगणकाचेही तसेच झाले. संगणकावर मजकूर लिहायचा, खोडायचा, दुरुस्त करायचा जो साधा प्रोग्राम असतो त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. चाळीसएक वर्षांपूर्वी दर कंपनीचा पडदा, म्हणजे टर्मिनल, वेगळे संकेत ओळखायचा. कर्सर दहाव्या ओळीवर न्यायचा तर एका टर्मिनलला 'एस्केप' आणि पाठोपाठ 'वाय' हे अक्षर पाठवायचे. दुसऱ्याला 'एस्केप' आणि बरोबरचे चिन्ह. आयबीएम पीसीवर तर संकेतही नको; पडद्याची स्मृती थेट हाताशी असे. २५ ओळी, ओळीत ८० अक्षरे, अशी २००० घरे, आणि दर घराला दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. एका यंत्रासाठी लिहिलेला एडिटर दुसऱ्यावर नेला की पडद्यावर नुसता कचरा दिसायचा.

यावर लोकांनी तोड काढली. १९८५ च्या सुमारास डेव्ह कॉनरॉय यांनी मायक्रोईमॅक्स नावाचा छोटा एडिटर सी भाषेत लिहिला आणि डॅनियल लॉरेन्स यांनी तो पुढे वाढवला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स याच एडिटरचा एक अवतार वापरत आले आहेत. त्याचा मूळ कोड सर्वांना मिळायचा. त्यातल्या एका फाइलीत प्रश्नपत्रिकेसारखी यादी होती: यंत्र कोणते, कंपायलर कोणता, पडदा कोणता. आपल्याकडे जे असेल त्यापुढे १ लिहायचा, बाकीच्यांपुढे ०. मग कोड कंपाइल केला की आपल्या यंत्राला बेतलेला एडिटर तयार. कर्सर हलव, ओळ पुस, घंटी वाजव अशी पडद्याशी बोलणारी मोजकी कामे दर टर्मिनलसाठी वेगळ्या फाइलीत ठेवलेली असत. शब्द शोधणे, परिच्छेद हलवणे, फाइल जपणे हा गाभा मात्र सगळीकडे एकच. त्याला कोणी हात लावत नसे.

बर्कलीचे बिल जॉय यांनी तर त्याआधीच एक पाऊल पुढे टाकले होते. टर्मिनलांची माहिती त्यांनी प्रोग्रामच्या बाहेर, एका साध्या यादीत ठेवली. नवे टर्मिनल आले की यादीत एक नोंद वाढवायची. प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायलाही नको. बदलणारे एका बाजूला, टिकणारे दुसऱ्या बाजूला. आमचे सगळे काम या एका वाक्यावर चालले आहे.

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. इंग्रजीला १२८ खुणा पुरतात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ च्या 'इस्की' या मानकाने आपली अक्षरे त्याच्या वरच्या घरांत बसवली. त्यात 'क' चा क्रमांक १७९. पण इंग्रजीपुरते लिहिलेले कित्येक प्रोग्राम आठवा बिट कापून टाकत. १७९ मधून १२८ गेले की उरतात ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजी आकडा तीन! 'कमल' लिहायला जावे तर पहिल्याच अक्षराच्या जागी तीनचा आकडा. असा एडिटर मराठीला वापरायचा तर त्याच्या मूळ कोडात जाऊन ती कापाकापी थांबवावी लागे.

पुण्याने दुसरी वाट धरली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्टचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे पुण्यात आले. त्यांचे जिस्ट कार्ड पीसीच्या पोटात बसवले की इंग्रजीसाठी बनवलेले डॉसचे प्रोग्रामही भारतीय लिप्या दाखवू लागत. म्हणजे प्रोग्राम यंत्राला बेतण्याऐवजी यंत्रच आपल्या लिपीला बेतून घेतले. आणखी एक सोय अशी की इस्कीत मराठीचा 'क' आणि गुजरातीचा 'क' यांचा क्रमांक एकच. लिपी बदला म्हटले की तोच मजकूर गुजरातीत दिसे. आपल्यासारख्या दोन लिप्यांत नांदणाऱ्या माणसांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण छपाईच्या दुकानांत निराळेच चालले होते. तिथे दर फाँटची मांडणी स्वतंत्र. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. आपल्या स्मरणिका वर्षानुवर्षे अशाच जुळवल्या गेल्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अर्थहीन इंग्रजी दिसते. अध्यक्षांचे मनोगत आणि श्रद्धांजलीचे पान यांत फरक कळत नाही.

या फाइली आम्ही युनिकोडमध्ये आणतो आहोत. त्यासाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामची रचना त्या जुन्या एडिटरसारखीच केली आहे. गाभा एक, आणि दर फाँटसाठी वेगळा तक्ता. नवा फाँट सापडला की फक्त नवा तक्ता. गाभ्यात भाषेचे नियम आहेत. उदाहरणार्थ, 'किरण' मधली ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटमध्ये दिसते तशी 'क' च्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती 'क' च्या नंतर यायला हवी. 'वर्ष' मध्ये उलटे: रफार फाँटमध्ये 'ष' च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये तो आधी न्यावा लागतो.

सर्वांत जास्त सांभाळावे लागते ते आपल्या मराठीच्या 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' ला. 'आचार्याचा मुलगा' आणि 'आचाऱ्याचा मुलगा' ही दोन वेगळ्या घरची मुले! तक्त्यात ही नोंद चुकली तर गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडपांडे ही सगळी घराणी आडनावासकट बिघडतात. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र, हे यंत्राला कोण सांगणार?

इथे गणपतीची आठवण येते. महाभारत लिहून घेताना त्याने अट घातली की मी थांबणार नाही. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आपला संगणक पहिली अट उत्तम पाळतो. दुसरी त्याला पाळता येत नाही. ती आपल्यालाच पाळावी लागते.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. आपल्या घरांतली बरीच नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोललेली त्यांना समजते, आजीशी ती मराठीतच भांडतात. पण मराठी पान पुढे ठेवले की अडखळतात. युनिकोडमध्ये मराठी 'क' २३२५ आणि गुजराती 'क' २७०९. फरक ३८४. हाच फरक बहुतेक सगळ्या अक्षरांना लागू आहे, 'ळ' लाही. म्हणजे मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की ३८४ मिळवून तोच मराठी मजकूर गुजराती लिपीत दाखवता येतो. आजोबांनी लिहिलेला लेख नात मोठ्याने वाचू शकते, आणि ऐकणाऱ्याला तो मराठीच ऐकू येतो. अपवाद आहेतच. 'ऱ्या' मधल्या 'ऱ' चा क्रमांक २३५३. त्यात ३८४ मिळवले तर २७३७ येतात, आणि गुजरातीत ते घर रिकामे आहे. तिथे साधा 'र' ठेवावा लागतो. म्हणून मूळ मजकूर देवनागरीतच जपायचा आणि गुजराती ही त्याची वाचायची सोय मानायची. गाभा आणि पडदा यांचा हिशेब इथेही तोच.

आता आमची विनंती. ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉपी आणि सीडी कपाटात पडून असतील त्यांनी त्या लवकर द्याव्यात. फ्लॉपी वाचणारी यंत्रे आता सहज मिळत नाहीत, आणि ठेवलेली फ्लॉपीही कायम टिकत नाही. ज्या वर्षांच्या फाइली हरवल्या आहेत त्यांची छापील स्मरणिका कोणाकडे असेल तर ती स्कॅन करून परत देऊ.

आणि ज्येष्ठांनो, रविवारी सकाळी तासभर आमच्याजवळ बसा. रूपांतर झालेली पाने आम्ही वाचून दाखवू. सभासदांची यादी, देणगीदारांची यादी, नाटकांतली पात्रे, दिवंगतांची नावे ही पाने आधी घेतली आहेत, कारण लेखातला शब्द चुकला तर मागच्यापुढच्या वाक्यावरून कळतो, नाव चुकले तर कशावरूनही कळत नाही. खानदेशातून, कोकणातून, देशावरून इथे कोण कधी आले, कोणाचे आडनाव कसे लिहायचे, हे कोणत्याही तक्त्यात नाही. ते आपल्याला माहीत आहे. तेवढे आम्हाला सांगा; पुढचे काम आम्ही करू.

गणपती बाप्पा मोरया!