गिधाडांचे गणित

(पशुपालक व पशुवैद्यकांपुढील भाषणाचा मजकूर)



वेशीबाहेर टाकलेल्या मेलेल्या बैलावर गिधाडांचा थवा उतरलेला आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. प्रारंभी साथीच्या रोगाचा संशय होता. पुढे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनाने खरे कारण उघड केले : गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिल्यावर लगेच दगावलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात.

यावर एक रास्त शंका निघाली. मरणापूर्वी असे इंजेक्शन मिळालेली जनावरे असून असून कितीशी असणार?

शंकेचे उत्तर रानात सापडण्याजोगे नव्हते. ते गणिताने दिले. गिधाड तीन दिवसांतून एकदा जेवते असे धरू. वर्षाची जेवणे झाली सुमारे १२०. आता २५० मृत जनावरांपैकी केवळ एक विषारी आहे, असे माना. एका जेवणातून वाचण्याची शक्यता २५० मध्ये २४९. ऐकायला किती सुरक्षित! परंतु हा अपूर्णांक १२० वेळा गुणला की ०.६२ उरतो. शंभरांतील अडतीस पक्षी वर्षभरात गेले. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. ही तूट भरणार कशी?

ही झाली माझी ढोबळ मांडणी. ऱ्हीस ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली वयोमान, प्रजनन व आहार यांचा बारकाईने हिशेब केला. प्रत्यक्षात दिसलेली घट होण्यास १३० ते ७६० जनावरांमागे एक विषारी जनावर पुरेसे होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढे भारतात २००४-०५ मध्ये तपासलेल्या मृत जनावरांच्या नमुन्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास निघाले.

शासनाने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना निर्धोक पर्याय उपलब्ध आहे. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोचत राहिल्या. म्हणून २०१५ साली ती बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ मध्ये असेक्लोफेनॅक व केटोप्रोफेन यांवरही बंदी आली. ‘बहुतेक जण नियम पाळतात’ हे आपल्याला समाधानाचे वाटते. ७६० मध्ये एक हा आकडा पाहता गिधाडांना तेवढे पुरणारे नाही.