वाकडे पाऊल सरळ होते

आज मी तुमच्यापुढे पायाविषयी चार शब्द बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, पायाविषयी काय बोलायचं? पण जरा विचार करा. शेतावर जायचे ते पायांनी. पाणी आणायचे ते पायांनी. मग ज्या लेकराचे पाऊल जन्मतःच वाकडे असते, त्याने काय करावे?

असे लेकरू तुम्ही पाहिले असेल. त्याचे पाऊल आत वळलेले असते. टाच वर ओढलेली असते. तळवा जमिनीकडे नसतो, दुसऱ्या पायाकडे असतो. हजार मुले जन्माला आली, तर त्यांत एखाद-दुसऱ्याला असे असते. मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त दिसते. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. आपण वाकडे पाऊल म्हणू.

आधी माझीच एक चूक सांगतो. मी नवा नवा मास्तर होतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची दोन्ही पावले वाकडी होती. पावलाच्या बाहेरच्या कडेवर तो चालायचा. तिथे कातडीला घट्टे पडले होते. कवायतीच्या तासाला मी त्याला म्हणायचो, "तू बस रे बाळ, दप्तरं सांभाळ." मला वाटे, मी दया करतो आहे. एके दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, मला पळता येत नाही, पण रांगेत उभं तर राहता येतं की!" मला उत्तर सुचले नाही. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. या पायावर काही इलाज असेल का, हे मी कोणाला विचारलेही नाही. ही गोष्ट मला अजून बोचते.

कारण इलाज तेव्हाही होता. तो शोधणाऱ्या माणसाची हकिकत ऐका.

स्पेन नावाच्या देशात १९१४ साली इग्नासिओ पोन्सेटी यांचा जन्म झाला. त्यांचे वडील घड्याळे दुरुस्त करीत. लहानपणी तेही वडिलांना मदत करीत. पुढे ते डॉक्टर झाले. देशात यादवी युद्ध पेटले, म्हणून त्यांना देश सोडावा लागला. शेवटी ते अमेरिकेतील आयोवा येथे गेले. तेथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. वाकड्या पावलावर मोठी शस्त्रक्रिया होत असे. पाऊल सरळ दिसे. पण मूल मोठे झाले की ते पाऊल ताठ होई, दुखे.

पोन्सेटींनी दुसरी वाट धरली. कोवळी वेल हाताने हळूहळू वळवता येते. तीच वाळली की मोडते. तान्ह्या बाळाचे पाऊल कोवळ्या वेलीसारखे असते. ते हाताने हळूच थोडे वळवायचे आणि प्लॅस्टर घालायचे. आठवड्याने प्लॅस्टर काढायचे, आणखी थोडे वळवायचे, पुन्हा प्लॅस्टर घालायचे. अशी पाच-सहा प्लॅस्टरे लागतात. मग बहुतेक मुलांच्या टाचेमागची आखडलेली जाड शीर बारीक छेद देऊन मोकळी करतात. हे काम थोड्या वेळाचे असते. ती शीर पुन्हा जुळून येते. शेवटचे प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात.

ही रीत त्यांनी १९६३ साली छापून प्रसिद्ध केली. पण फार थोड्यांनी लक्ष दिले. १९९५ साली त्यांच्या जुन्या रोग्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. लहानपणी उपचार घेतलेली ती माणसे आता मोठी झाली होती. बहुतेकांचे पाय चांगले चालत होते. मग हळूहळू जगाने ही रीत उचलली. २००९ साली ते वारले. आज आपल्या देशातही हीच रीत चालते.

आता आमच्या गल्लीतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका घरी नातू झाला. त्याचे उजवे पाऊल वाकडे होते. मी बघायला गेलो. आजी म्हणाल्या, "गुरुजी, ग्रहणात हिनं विळीवर भाजी चिरली. सांगून ऐकलं नाही." सून खाली मान घालून बसली होती. दोन दिवस ती धड जेवली नव्हती.

मी म्हणालो, "वहिनी, ग्रहणात घरातच बसून राहिलेल्या बायकांनाही असं मूल होतं. आणि ग्रहणात काम केलेल्या किती बायकांची मुलं धडधाकट आहेत. यात सूनबाईचा काही दोष नाही. आधी तिला जेवायला वाढा."

आशाताईंनी जिल्ह्याच्या दवाखान्याची वाट दाखवली. बाळ तीन आठवड्यांचे असताना पहिले प्लॅस्टर बसले. बाप मजुरी करणारा. दर मंगळवारी एस.टी.ने जायचे. त्या दिवसाची मजुरी बुडायची. तरी त्याने एकही मंगळवार चुकवला नाही. दीड-दोन महिन्यांत पाऊल सरळ झाले. आजींनी गल्लीत साखर वाटली.

पण मंडळी, खरी कसोटी पुढेच असते. प्लॅस्टर निघाल्यावर खास बूट देतात. दोन बुटांमध्ये एक पट्टी असते. पहिले तीन महिने हे बूट दिवसाचे तेवीस तास घालायचे. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत. मूल चार वर्षांचे होईपर्यंत हे चालते.

बाळ रडू लागले. आजींचे मन कळवळले. "पाय तर सरळ झालाय. कशाला लेकराला बांधता?" असे म्हणून त्यांनी बूट पेटीत ठेवले. कोणी काही बोलले नाही. थोड्या महिन्यांत टाच पुन्हा वर ओढली गेली. पुन्हा एस.टी., पुन्हा प्लॅस्टर, पुन्हा बुडालेली मजुरी. या खेपेला मात्र आजी स्वतः रोज रात्री नातवाला बूट घालू लागल्या. त्या मायेपोटी चुकल्या होत्या. पण रोग माया जाणत नाही. बूट लवकर सोडणे, हेच पाऊल पुन्हा वळण्याचे मोठे कारण आहे.

आता काही गोष्टी ध्यानात ठेवा.

बाळ जन्मले की त्याची दोन्ही पावले नीट बघा. वाकडी दिसली तर महिना-दोन महिने वाट बघू नका. पहिल्या काही आठवड्यांतच दवाखान्यात न्या. घरी पाय ओढूताणू नका.

प्लॅस्टर ओले होऊ देऊ नका. बोटे रोज बघा. बोटे निळी पडली, गार झाली, सुजली, किंवा प्लॅस्टर घसरून बोटे आत गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बूट घालताना आत सुती मोजे घाला. टाच बुटात खाली टेकली आहे ना, ते बघा. पहिले काही दिवस मूल रडते. त्याचे दोन्ही पाय एकत्र धरून खेळवा. मग त्याला सवय होते.

मूल मोठे झाले असेल तरी निराश होऊ नका. चालत्या मुलांनाही या रीतीचा उपयोग होतो. मात्र वेळ जास्त लागतो, आणि कधी आणखी शस्त्रक्रियाही करावी लागते.

सरकारने २०१३ साली आपल्या महाराष्ट्रात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात वाकड्या पावलाचाही समावेश आहे. तपासणी आणि उपचार मोफत असतात. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे विचारा. विचारायला लाजू नका. मी विचारले नाही, त्याची किंमत एका मुलाने भोगली.

आमच्या गल्लीतला तो नातू आता शाळेत जातो. झेंडावंदनाला तो रांगेत उभा होता. मग मुलांबरोबर पळत खाऊ घ्यायला गेला. आजी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने डोळे पुसत राहिल्या.

बंधूंनो आणि भगिनींनो, आता तुम्हाला वाचता येते. हे भाषण घरी मोठ्याने वाचा. ज्या घरी पाळणा हलणार आहे, त्या घरी जाऊन वाचून दाखवा. एवढे सांगून मी थांबतो.